अडलेले गणित आणि आपले कर्तव्य

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात विद्यार्थी-गौरवाच्या प्रसंगी केलेले भाषण. स्मरणिकेसाठी काही ठिकाणी थोडा विस्तार केला आहे.)



आज ज्यांचा सत्कार झाला त्या सर्व मुलामुलींचे आम्ही प्रथम मनःपूर्वक अभिनंदन करतो. दहावीच्या परीक्षेत उत्तम यश मिळवून त्यांनी आपल्या आईवडिलांचे व आपणां सर्वांचे नाव उजळले आहे. कार्यकारी मंडळाने आम्हांस ‘विद्यार्थ्यांना मार्गदर्शन’ असा विषय दिला होता. हा विषय विहिरीसारखा खोल आहे. त्यातून आम्ही आज एकच घागर काढणार आहोत. अकरावीत विज्ञानशाखेला गेलेल्या मुलाला वा मुलीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि कलनगणित यांचा गृहपाठ करताना एखादे उदाहरण अडले, तर त्याने कोणाकडे जावे, आणि ज्याच्याकडे तो जाईल त्याने नेमके काय करावे, एवढाच आमचा प्रश्न आहे.

इतका लहान विषय या व्यासपीठावर कशाला, असे काही वडीलधाऱ्यांस वाटेल. परंतु आमच्या आयुष्याची बरीच वर्षे अकरावी-बारावीच्या वर्गांवर गेली, आणि त्या अनुभवाने आम्ही सांगतो की, पुष्कळ मुलांच्या आयुष्याचे वळण अशाच एखाद्या अडलेल्या उदाहरणापाशी ठरते. दहावीला ज्याचा हारतुऱ्यांनी सत्कार झाला तो मुलगा दिवाळीच्या सुटीपर्यंत वर्गात मागच्या बाकावर सरकतो, वह्या दुसऱ्याच्या उतरून घेऊ लागतो, चाचणीच्या दिवशी त्याचे डोके दुखू लागते. घरी विचारले तर ‘चालले आहे’ एवढेच उत्तर मिळते. आणि वार्षिक परीक्षेच्या निकालानंतर ‘मला सायन्स झेपत नाही’ असे तो एके दिवशी सांगतो, तेव्हा घरच्यांना आभाळ कोसळल्यासारखे वाटते. वास्तविक आभाळ कोसळलेले नसते. सहा-सात महिने रोज एकेक कौल निसटत गेलेला असतो, आणि तो कोणी पाहिलेला नसतो.

हे असे का होते? मुले आळशी झाली, असे म्हणून आपण मोकळे होतो. काही आळशी असतीलही. परंतु ज्यांनी दहावीला रात्रीचा दिवस केला ती मुले तीन महिन्यांत एकाएकी आळशी होतात, हे आम्हांस पटत नाही. आमच्या मते कारणे तीन आहेत.

पहिले कारण भाषेचे. आपल्या गावाकडील बहुतेक मुलांचे दहावीपर्यंतचे शिक्षण मराठीतून झालेले असते. त्यांनी त्वरण, संवेग, जडत्व, संयुजा हे शब्द शिकलेले असतात. अकरावीत पाऊल टाकताच तीच मंडळी ॲक्सेलरेशन, मोमेंटम, इनर्शिया, व्हॅलन्सी अशी नावे घेऊन पुढे उभी राहतात. ओळखीचा माणूस परक्या वेषात आला म्हणजे त्याला ओळखायला वेळ लागतो. आणि वर्ग तर थांबत नाही. शिवाय प्रश्न इंग्रजीत चार-पाच ओळींचा असतो. त्यातील ‘सुरुवातीला स्थिर असलेला’ किंवा ‘घर्षण नगण्य मानून’ एवढा एक तुकडा सुटला की सारे उदाहरणच सुटते. मुलाला वाटते की आपल्याला भौतिकशास्त्र येत नाही. प्रत्यक्षात त्याला ते वाक्य लागलेले नसते.

दुसरे कारण विषयाच्या स्वरूपाचे. दहावीपर्यंत बहुतेक उदाहरणांत एक सूत्र असते, त्यात दोन आकडे घालावयाचे आणि तिसरा काढावयाचा. अकरावीत एका उदाहरणात तीन-चार पायऱ्या येतात, आणि कोणत्या पायरीला कोणते सूत्र हे कोणीच सांगत नाही. त्यातच कलनगणित हा सर्वस्वी नवा पाहुणा येतो. दहावीपर्यंत ज्याचे नावही ऐकलेले नसते ते अवकलन गणिताच्या तासाला सुरू होण्यापूर्वीच कित्येकदा भौतिकशास्त्राच्या तासाला वापरले जाते.

तिसरे कारण घरचे, आणि ते आपल्याला अधिक जवळचे आहे. ज्या घरात आजोबा, वडील, काका यांपैकी कोणी विज्ञान शिकलेला असतो, तेथे मुलाला रात्री नऊ वाजता विचारायला माणूस असतो. आपल्यातील पुष्कळ घरांत विज्ञानशाखेला जाणारे हे पहिलेच मूल आहे. आईवडील पोटाला चिमटा घेऊन क्लासची फी भरतात. परंतु रात्री नऊ वाजता उदाहरण अडले तर त्या घरात विचारायचे कोणाला? क्लासविषयी आमची तक्रार नाही; काही क्लास चांगले आहेत. पण शंभर-दीडशे मुलांसमोर बोलणाऱ्या शिक्षकाला या एका मुलाची पेन्सिल कोणत्या ओळीवर थांबली हे कसे दिसावे?

मदत हवी ती नेमकी तेथे, पेन्सिल थांबली त्या ओळीवर. आणि आमच्या आजच्या सांगण्याचे सार एवढेच आहे की, ती मदत अशी दिली पाहिजे की, मदत घेऊन झाल्यावरही पेन्सिल मुलाच्याच हातात राहील.

हे नुसते बोलून कळणार नाही, म्हणून तीन उदाहरणे घेऊ. ज्यांना गणिताचा कंटाळा आहे त्यांनीही थोडा धीर धरावा. आम्ही लवकरच बाहेर पडू.

पहिले भौतिकशास्त्राचे. पंचवीस मीटर उंच गच्चीवरून एक चेंडू सेकंदाला २० मीटर या वेगाने सरळ वर फेकला. तो जमिनीवर किती वेळाने पडेल? गुरुत्वीय त्वरण सोयीसाठी १० धरावे. मुलगा वरची दिशा धन धरतो, काळाला ‘क’ म्हणतो आणि लिहितो : २५ = २०क − ५क². पुढे सोडवू लागला की वर्गमुळाखाली उणे चार येतात आणि गाडी रुतते. आता मदत करणारा मनुष्य दोन प्रकारे वागू शकतो. पहिला प्रकार असा की, ‘अरे, उणे पंचवीस घे’ म्हणून त्याने वही ओढावी, चार ओळी लिहाव्यात आणि उत्तर ५ सेकंद म्हणून खाली दोन रेघा माराव्यात. मुलगा ‘हो, कळले’ म्हणतो आणि पुढच्या उदाहरणात तेथेच अडतो.

दुसरा प्रकार असा की, त्याने फक्त विचारावे : ‘तू वरची दिशा धन धरलीस ना? मग जमीन गच्चीच्या वर आहे की खाली?’ मुलगा क्षणभर थांबतो, हसतो आणि स्वतःच्या हाताने उणे चिन्ह घालतो. आता दोन उत्तरे येतात, ५ आणि उणे १. त्यांपैकी ५ सेकंद हे आपले. खरी गोडी तर यापुढे आहे. ‘तुझे पहिले समीकरण काय विचारीत होते?’ असे त्याला विचारावे. ते विचारीत होते की, चेंडू गच्चीच्याही वर २५ मीटरवर केव्हा पोहोचेल? हा चेंडू तर २० मीटरच वर जातो. तेव्हा ‘कधीच नाही’ हेच गणित त्याला उणे चाराच्या रूपाने सांगत होते. आणि उणे १ म्हणजे काय? हाच चेंडू एक सेकंद आधी जमिनीवरून ३० मीटर वेगाने निघाला असता, तरी गच्चीपाशी येताना त्याचा वेग २० मीटरच असता. चुकलेले समीकरणही खरे बोलत होते, हे ज्या मुलाला एकदा दिसले त्याची चिन्हांची भीती निम्मी तरी जाते.

दुसरे उदाहरण कलनाचे. पाच मीटर लांबीची शिडी भिंतीला टेकवून ठेवली आहे. तिचा पाय सेकंदाला ४ सेंटीमीटर या वेगाने भिंतीपासून दूर घसरत आहे. पाय भिंतीपासून ३ मीटरवर असताना शिडीचे वरचे टोक किती वेगाने खाली येईल? मुलीला पायथागोरसचा सिद्धांत ठाऊक आहे. पाय ३ मीटरवर म्हणजे वरचे टोक ४ मीटरवर, हे ती चटकन सांगते. मग तीनाचा वर्ग अधिक चाराचा वर्ग बरोबर पाचाचा वर्ग असे मांडून ती अवकलन करू लागते, आणि दोन्हीकडे शून्य येते. ती गोंधळून जाते. येथेही सूत्र सांगू नये. एवढेच विचारावे : ‘पुढच्या क्षणी पाय तीन मीटरवरच असेल का?’ नाही, तो तर घसरतो आहे. मग हलणाऱ्या शिडीला आपण आधीच खिळे ठोकले आणि नंतर तिचा वेग विचारला, तर ती शून्यच सांगणार! तेव्हा अंतरांना आधी अक्षरेच राहू द्यावीत, अवकलन करावे, आणि तीन व चार हे आकडे मागाहून घालावेत. उत्तर सेकंदाला ३ सेंटीमीटर येते. ‘बदलणाऱ्या गोष्टीला बदलू द्यावे, आकडा शेवटी घालावा’, हा धडा तिने स्वतः काढला तर जन्मभर पुरतो. आपण सांगितला तर परीक्षेपर्यंतही पुरेल याची खात्री नाही.

तिसरे रसायनशास्त्राचे. येथे बहुतेक मुले ‘मोल’ या शब्दाला अडखळतात. डझन म्हणजे बारा, ग्रोस म्हणजे एकशे चव्वेचाळीस, तसाच मोल म्हणजे एक ठरलेली संख्या. मात्र ती प्रचंड आहे. सहावर तेवीस शून्ये दिली की तिचा अंदाज येतो, आणि २०१९ पासून तिचा नेमका आकडाच व्याख्या म्हणून ठरवून दिलेला आहे. आता प्रश्न असा : ४ ग्रॅम हायड्रोजन आणि १६ ग्रॅम ऑक्सिजन यांचा संयोग झाला, तर पाणी किती होईल? मुलगा हायड्रोजनवरून हिशेब करतो आणि उत्तर ३६ ग्रॅम देतो. त्याला एवढेच विचारावे : ‘तुझ्या हाती एकूण सामान किती होते?’ चार आणि सोळा मिळून २० ग्रॅम. वीस ग्रॅम सामानातून छत्तीस ग्रॅम पाणी कसे होईल?

मग त्याला आपल्या घरचा दाखला द्यावा. लग्नकार्यात विडे लावताना दोन पाने आणि एक सुपारी यांचा एक विडा. पाने दहा आहेत आणि सुपाऱ्या तीनच आहेत. विडे किती होतील? आपल्या घरातील सात वर्षांची मुलगीही सांगेल की विडे तीन आणि पाने चार उरली. पाण्याच्या बाबतीतही तसेच आहे. हायड्रोजनचे दोन रेणू ही पाने, ऑक्सिजनचा एक रेणू ही सुपारी. फरक इतकाच की येथे एका जोडणीतून पाण्याचे दोन रेणू होतात. चार ग्रॅम हायड्रोजन म्हणजे दोन मोल, सोळा ग्रॅम ऑक्सिजन म्हणजे अर्धा मोल. सुपारी कमी पडली. म्हणून पाणी एकच मोल, म्हणजे १८ ग्रॅम होते, आणि २ ग्रॅम हायड्रोजन उरतो. अठरा आणि दोन मिळून वीस, हिशेब जुळला.

या तिन्ही उदाहरणांत मदत करणाऱ्याने काय केले ते पाहावे. त्याने एकेक प्रश्न विचारला, आणि उत्तर आल्यावर मुलाला मागे वळून पाहावयास लावले. जॉर्ज पोल्या या हंगेरीत जन्मलेल्या गणितज्ञाने १९४५ मध्ये ‘हाउ टु सॉल्व्ह इट’ नावाचे छोटे पुस्तक प्रसिद्ध केले. त्यात त्याने उदाहरण सोडविण्याच्या चार पायऱ्या सांगितल्या आहेत : प्रश्न समजून घेणे, बेत आखणे, बेत तडीस नेणे आणि शेवटी मागे वळून पाहणे. आपली मुले तिसऱ्या पायरीपासून आरंभ करतात आणि तेथेच थांबतात. पहिली आणि चौथी या दोन पायऱ्यांवर हात धरणारा कोणी भेटला, तर मधल्या दोन ती स्वतः चढतात, असा आमचा अनुभव आहे.

येथे तरुण मंडळी मनात म्हणत असतील की, या म्हाताऱ्यांना आजचे जग ठाऊक नाही. आता भ्रमणध्वनीवर प्रश्नाचे छायाचित्र काढले की काही क्षणांत पायऱ्यांसह उत्तर पुढे येते. मग माणूस कशाला हवा? आम्हांस ते ठाऊक आहे, आणि त्या साधनाचा आम्ही तिरस्कारही करीत नाही. ज्या खेड्यात विचारायला कोणीच नाही तेथे ते वरदान ठरेल. परंतु दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. एक, ते यंत्र चुकीचे उत्तरही तितक्याच ठामपणे सांगू शकते. ते चुकले हे ओळखावयास विद्यार्थ्याजवळ स्वतःची समज लागते. दुसरी, दुसऱ्याने लिहिलेल्या पायऱ्या वाचताना सारे कळल्यासारखे वाटते. पोहणाऱ्याकडे काठावरून पाहतानाही पोहणे सोपेच वाटते. पाण्यात पडल्यावर खरे कळते. तेव्हा यंत्राला विचारायचेच असेल तर ‘उत्तर दे’ असे न म्हणता ‘माझ्या या पायरीत कोठे चुकले ते पाहा, आणि पुढचे मला करू दे’ असे म्हणावे. प्रवेशपरीक्षेच्या दालनात भ्रमणध्वनी बाहेर ठेवावा लागतो, हेही विसरू नये.

आता मदत एकट्याने घ्यावी की मिळून, याविषयी एक परदेशातील दाखला सांगण्याजोगा आहे. अमेरिकेत बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात १९७० नंतरच्या दशकात युरी ट्रीझमन नावाच्या तरुण गणितशिक्षकाला एक कोडे पडले. तेथील कृष्णवर्णीय विद्यार्थी शाळेत हुशार म्हणून निवडून आलेले असत, तरी पहिल्या वर्षाच्या कलनात मोठ्या संख्येने नापास होत. तयारी कच्ची, घरचे दारिद्र्य, आस्थेचा अभाव अशी कारणे प्राध्यापक देत. ट्रीझमनने वीस कृष्णवर्णीय आणि वीस चिनी वंशाचे विद्यार्थी निवडले व ते अभ्यास कसा करतात हे त्यांच्यात मिसळून पाहिले. प्राध्यापकांची कारणे टिकली नाहीत. कृष्णवर्णीय मुले मेहनती होती. त्यांचे आईवडील त्यांच्या शिक्षणासाठी झिजत होते. पण ती अभ्यास एकेकटी करीत. कोणाला काही विचारणे म्हणजे आपण येथे बसण्यास लायक नाही अशी कबुली देणे, असे त्यांना वाटे. चिनी वंशाची मुले आधी आपापले करून मग एकत्र बसत, एकमेकांच्या वह्या तपासत. सर्वांनाच एखादे उदाहरण आले नाही, तर ते उदाहरणच कठीण आहे हे त्यांना कळे.

ट्रीझमनने मग मिळून उदाहरणे सोडविण्याचे वर्ग काढले. त्यांना त्याने ‘मागे पडलेल्यांचे वर्ग’ असे नाव मुळीच दिले नाही. उलट नेहमीपेक्षा कठीण उदाहरणे तेथे ठेविली आणि हुशारांचे वर्ग म्हणून मुलांना बोलाविले. तेथे बसणाऱ्या मुलांचे निकाल पुष्कळ सुधारले, आणि पुढे त्या देशातील इतर अनेक विद्यापीठांनी तो क्रम उचलला.

हे ऐकताना आम्हांस आपलीच मुले आठवतात. तीही विचारायला लाजतात. खेड्यातून शहरात आलेला मुलगा आपल्या इंग्रजीला लाजतो. मुलगी वर्गात उभी राहून शंका विचारायला लाजते. आणि दहावीला पहिला आलेला तर सर्वांत अधिक लाजतो, कारण त्याला विचारण्याची सवयच नसते. येथे आपण केलेला सत्कारही त्याच्या पायात बेडीसारखा अडकतो. ज्याच्या गळ्यात आपण हार घातला त्याने ‘मला हे येत नाही’ असे कोणत्या तोंडाने म्हणावे?

तेव्हा हार घालणाऱ्या आपल्या मंडळानेच त्याला विचारण्याची जागा करून दिली पाहिजे. ही काही नवी कल्पना नाही. कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांच्या प्रेरणेने १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झाले, आणि पुढे तेथे निरनिराळ्या जातिधर्मांच्या विद्यार्थ्यांसाठी अनेक वसतिगृहे उभी राहिली. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापिली, आणि १९२४ मध्ये साताऱ्यास सर्व जातींची मुले एकत्र राहतील असे वसतिगृह काढले. वसतिगृहाने मुलाला छप्पर आणि भाकरी दिली हे सर्वांस दिसते. परंतु वसतिगृहात राहिलेल्या कोणासही विचारावे. शेजारच्या खोलीतला वरच्या वर्गाचा मुलगा हाही त्या वास्तूचा मोठा ठेवा असतो. रात्री अडले की त्याच्या दारावर थाप मारता येते. आज आपली मुले आपापल्या घरी राहून शिकतात, म्हणून ते शेजारचे दार नाहीसे झाले आहे. ते दार पुन्हा उघडावे, एवढीच आमची मागणी आहे.

मागणी मोघम राहू नये म्हणून कार्यकारी मंडळापुढे आम्ही ती स्पष्ट मांडतो. मंडळाचे हे सभागृह लग्नसराईचे दिवस सोडले तर संध्याकाळी रिकामे असते. आठवड्यातून दोन संध्याकाळ, साडेसहा ते साडेआठ, ते अकरावी-बारावीच्या आणि अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाच्या मुलांसाठी उघडे ठेवावे. दोन फळे, खडू, चार मोठी टेबले आणि पाठ्यपुस्तकांचे दोन-तीन संच एवढेच सामान लागेल. शिकविण्यासाठी नव्हे, अडल्यास विचारण्यासाठी तेथे दोन-तीन माणसे बसावीत. अशी माणसे आपल्यात आहेत. कारखान्यांत व प्रयोगशाळांत काम करणारे अभियंते व रसायनतज्ञ आहेत, निवृत्त शिक्षक आहेत, अभियांत्रिकीच्या वरच्या वर्गांतील मुले आहेत. आणि आमच्या ज्या भगिनी बी. एस्सी., एम. एस्सी. होऊन संसारात रमल्या, त्यांची विद्या घरात पेटीत ठेवलेल्या शालूसारखी राहिली आहे. ती या निमित्ताने बाहेर यावी अशी आमची त्यांना विनंती आहे.

नियम थोडेच असावेत. येणाऱ्याने कोरी वही घेऊन येऊ नये. निदान दोन ओळींचा स्वतःचा प्रयत्न लिहून आणावा. मदत करणाऱ्याने मुलाच्या हातून पेन्सिल घेऊ नये. ज्याला उत्तर येत नसेल त्याने ‘मलाही पाहावे लागेल, आपण दोघे मिळून पाहू’ असे मोकळेपणाने म्हणावे. मोठ्या माणसाने असे म्हटलेले ऐकणे हेदेखील मुलाचे शिक्षणच आहे. फी घेऊ नये. मुलींना वेळेवर घरी पोहोचता येईल अशी व्यवस्था असावी. जे गावी राहतात त्यांनी आपल्या प्रयत्नाचे छायाचित्र भ्रमणध्वनीवरून पाठवावे, आणि इकडून उत्तराऐवजी एखादा नेमका प्रश्न जावा. आणि या खोलीला ‘कच्च्या मुलांचा वर्ग’ असे नाव कोणीही चुकूनसुद्धा देऊ नये. आज सत्कार झालेल्या सर्वांनी तेथे पहिल्या आठवड्यापासून यावे, म्हणजे मागाहून येणाऱ्याला संकोच वाटणार नाही.

आणखी एक गोष्ट. शेजारच्या चाळीतला दुसऱ्या ज्ञातीचा मुलगा आपल्या मुलाचा वर्गमित्र असेल आणि त्याच्याबरोबर आला, तर त्याला दारातून परत पाठवू नये. न्यूटनचे नियम सर्वांना सारखेच लागू आहेत, आणि चार डोकी अधिक जमली तर आपल्याच मुलांचे भले होईल. साताऱ्याच्या त्या वसतिगृहाची परंपरा आपण सांगतो, तर ती पाळलीही पाहिजे.

खर्चाविषयी कोणी विचारील. पारितोषिकांना हात लावावा असे आम्ही म्हणत नाही. परंतु पारितोषिक हे यश मिळाल्यावरचे साहाय्य आहे. पीक आल्यावर शेतकऱ्याचा सत्कार करणे योग्यच. पण रोप सुकत असताना एक घागर पाणी मिळाले तर सत्काराला येणारी माणसे वाढतील. विद्यार्थी साहाय्य निधीतील लहानसा भाग दरसाल या कामी लावला तरी पुरेल, कारण येथे पैशाहून अधिक लागतात ती माणसांची संध्याकाळची दोन-दोन तासांची दाने.

आता दोन शब्द पालकांसाठी. आपल्याला विषय येत नाही म्हणून आपण काही करू शकत नाही, असे समजू नये. आठवड्यातून एकदा मुलाला म्हणावे, ‘आज काय सोडविलेस ते मला सांग.’ तो शिडीची किंवा चेंडूची गोष्ट सांगू लागला आणि मध्येच थांबला, तर जेथे थांबला तेथेच त्याचे अडले आहे हे त्याचे त्यालाच कळेल. त्यासाठी आपल्याला अवकलन येण्याची गरज नाही. दहा मिनिटे ऐकून घेण्याची आहे. आणि एखाद्या चाचणीत गुण कमी पडले, तर ‘शेजारच्या अमक्याला किती?’ हा प्रश्न विचारू नये. ‘कोणते उदाहरण अडले?’ असे विचारावे. पहिल्या प्रश्नाने मूल गप्प होते, दुसऱ्याने बोलते.

आणि शेवटी विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो, तुमच्यासाठी. विचारणे हीही एक विद्या आहे, आणि ती शिकावी लागते. ‘मला काहीच कळत नाही’ असे सांगितले तर मदत करणाऱ्यालाही आरंभ सापडत नाही. प्रश्न काय आहे, दिलेले काय आहे, काढायचे काय आहे, मी येथवर आलो आणि या ओळीवर अडलो, अशा चार गोष्टी सांगा. कित्येकदा असे दिसेल की, हे चार मुद्दे कागदावर मांडता मांडताच उदाहरण सुटले आहे. आकृती काढा. राशींची एकके लिहा. वेगाच्या उत्तराला किलोग्रॅम लागले तर काहीतरी बिघडले आहे हे एककच सांगेल. इंग्रजी वाक्य लागत नसेल तर ते आधी मराठीत लिहा. त्यात कमीपणा नाही. आणि कोणी समजावून दिल्यावर वही मिटा व तेच उदाहरण दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा कोऱ्या पानावर सोडवा. सुटले तर ते तुमचे झाले. न सुटल्यास पुन्हा विचारा. दुसऱ्यांदा विचारणाऱ्याला रागावणारा मनुष्य आम्ही त्या खोलीत बसू देणार नाही.

विज्ञानशाखा सर्वांनीच पुरी करावी असा आमचा आग्रह नाही. कोणाचे मन वाणिज्यात, कोणाचे कलेत, कोणाचे वडिलोपार्जित धंद्यात रमेल. त्यात गौणपणा काडीचाही नाही. परंतु ज्याने ती वाट सोडावयाची त्याने दुसरी वाट अधिक आवडली म्हणून सोडावी. विचारायला कोणी नव्हते म्हणून आपल्या ज्ञातीतील एकाही मुलाने वा मुलीने ती सोडू नये, एवढेच आमचे मागणे आहे.

पुढील वर्षी याच व्यासपीठावरून मंडळाचे चिटणीस अहवाल वाचतील, तेव्हा किती जणांना पारितोषिके दिली या आकड्याच्या शेजारी, किती संध्याकाळी या सभागृहातील दिवा लागला आणि किती मुले त्या दिव्याखाली बसली, हाही आकडा आम्हांस ऐकावयास मिळावा. पहिल्या संध्याकाळी खडू घेऊन फळ्यापाशी उभे राहण्यासाठी आम्ही आमचे नाव आजच नोंदवितो. ज्यांना आमच्यामागे आपले नाव घालावयाचे असेल त्यांच्यासाठी चिटणीसांच्या टेबलावर वही ठेवलेली आहे.